रबराला तेल, पण कोणते?

तालुका विज्ञान प्रदर्शनात रबरावर उडणारे विमान हमखास एक तरी असते. पंखांचा कोन किती, बाल्साऐवजी थर्माकोल चालेल का, पंखा किती इंची घ्यावा, यावर मार्गदर्शक शिक्षक भरभरून बोलतात. रबराला काय लावले, असे विचारले की उत्तरे दोनच मिळतात: ‘काही नाही’ किंवा ‘थोडे खोबरेल’. धाराशिव जिल्ह्यातल्या मार्गदर्शकांसाठी यंदा एवढाच विषय घेतला आहे, कारण विमानाचा उड्डाणकाळ बहुतेक वेळा इथेच वाया जातो.

पीळ भरताना रबराचे पेड एकमेकांवर घट्ट दाबले जातात. कोरडे असले तर ते जागेवरच धरून बसतात. मग पीळ एका ठिकाणी साठतो, शेजारचा भाग जवळपास सुटाच राहतो आणि साठलेल्या ठिकाणी रबर तुटते. पेड सरकू शकले तर पीळ सगळीकडे सारखा बसतो, फेरे वाढतात आणि उलगडतानाही घर्षणात कमी जोर खर्च होतो. फ्रेंच संशोधक आल्फोन्स पेनोने 18 ऑगस्ट 1871 रोजी पॅरिसच्या त्वीलरी बागेत पिळलेल्या रबरावर विमान उडवले. ते 11 सेकंदांत सुमारे 40 मीटर गेले. आज बंदिस्त सभागृहातल्या एफ-वन-डी वर्गात 0.4 ग्रॅम रबरावर वीस मिनिटांहून अधिक काळ उडणारी विमाने आहेत. सगळे श्रेय अर्थात वंगणाचे नाही. रबराचा दर्जा आणि सांगाड्याचे हलकेपण यांचा वाटा मोठा आहे. पण त्या दर्जाचा एकही खेळाडू कोरडे रबर पिळत नाही.

आता खोबरेल. हे तेल सुमारे 24 अंशांखाली थिजते. डिसेंबरात पहाटे, वारा पडलेला असताना, म्हणजे उडवायच्या उत्तम वेळी, ते रबरावर मेणासारखे बसते. शिवाय नैसर्गिक रबर बहुतेक खाद्यतेले थोडीफार शोषून घेते आणि फुगते. ग्रीस, मशीनचे तेल आणि व्हॅसलिन तर याहून वाईट. करडईचे तेल आपल्या भागात घरोघरी मिळते, म्हणून काही जण तेच वापरतात. पण करडईचे तेल हवेत सुकून चिकट पापुद्रा धरते. या गुणामुळेच ते रंगांत वापरले जाते. पंधरवड्याने डबी उघडली की रबराचे पेड एकमेकांना चिकटलेले सापडतील.

उरते एरंडेल. बांधावर उगवणाऱ्या एरंडाचे हे तेल बैलगाडीच्या आसाला वापरायचे, आणि पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या फिरत्या इंजिनांतही हेच असायचे, कारण पेट्रोलमध्ये ते सहजासहजी मिसळत नसे. त्यातले जवळपास 90 टक्के आम्ल रिसिनोलिक प्रकारचे. त्याच्या घडणीमुळे हे तेल नैसर्गिक रबरात जवळजवळ शिरत नाही, वरच्या वर राहते. औषधांच्या दुकानातले शुद्ध तेल घ्या. घाण्याच्या तेलात गाळ असतो. एक अडचण मात्र आहे. 20 अंशांना हे तेल जितके दाट, त्याच्या साधारण चौथाईवर ते 40 अंशांना येते. म्हणून थंडीत बाटली उन्हात धरून मग लावा. एप्रिलमध्ये अगदी कमी लावा, नाहीतर पीळ सुटताना तेल धडाच्या आत उडते, शेपटीकडचे लाकूड ते पिते आणि विमान मागे जड होते.

सिलिकॉन तेलाला आमचा विरोध नाही. तापमानाने ते फारसे बदलत नाही आणि स्पर्धक ते आवडीने वापरतात. पण शाळेच्या टेबलावर ते सांडले की त्या लाकडाला ना डिंक धरतो ना डोप (कागद ताणणारा लेप), आणि पुसूनही ते जात नाही. एरंडेल साबणाने निघते. तीस मुले एकाच टेबलावर काम करतात, तिथे आमचे मत एरंडेलालाच.

लावण्याची रीत थोडक्यात अशी. रबर साबणाच्या पाण्यात धुऊन त्यावरची भुकटी काढा, सावलीत वाळवा, पिशवीत दोन-चार थेंब टाकून चोळा. चकाकी आली की पुरे. स्पर्धेत खेळणाऱ्यांनी तर हात आखडताच ठेवावा, कारण मोकळ्या मैदानातल्या एफ-वन-बी वर्गात रबराच्या 30 ग्रॅमच्या मर्यादेत वंगणाचे वजनही धरतात. पीळ भरताना रबर मूळ लांबीच्या चार-पाच पट ताणा, सुताराच्या हात-ड्रिलला तारेचा आकडा लावून निम्मे फेरे भरा, मग पुढे सरकत उरलेले. रबर बँडची साखळी करू नका. प्रत्येक गाठ तुटण्याची जागा आहे. सायकलच्या ट्यूबची पट्टीही नको. बहुतेक ट्यूब ब्युटाइलच्या असतात आणि ब्युटाइल दिलेला जोर परत देत नाही.

ज्वारी निघाल्यावर मोकळे रान मिळते, पण काळ्या मातीची धूळ तेलकट रबराला लगेच धरते आणि त्यातला बारीक खडा पेडाला चीर पाडतो. रबर जमिनीवर ठेवायचे नाही, हा नियम मुलांना पहिल्याच दिवशी सांगा. ऊनही लागू देऊ नका; झाकणाच्या डबीत, अंधारात ठेवा.

पुढच्या अंकासाठी एक काम. एकाच रबराची, एकाच लांबीची दोन वेटोळी घ्या. एक कोरडे, एक एरंडेल लावलेले. दोन्ही तुटेपर्यंत पिळा आणि फेरे, लांबी, त्या वेळचे तापमान लिहून आमच्याकडे पाठवा. पिळणाऱ्याच्या आणि रबराचे दुसरे टोक धरणाऱ्याच्या, दोघांच्याही डोळ्यांवर चष्मा हवा.