नाचणाऱ्याच्या पाठीमागे काय चालले आहे?

संगीताच्या बाबतीत आज पुष्कळ घरांत एक अबोल कलह चालू असतो. नातवाच्या खोलीतून हिप-हॉप ऐकू आले की आजोबांच्या कपाळाला आठ्या पडतात, आणि त्या आठ्या पाहून नातू कानांवर हेडफोन चढवतो. आजोबांना त्या गाण्यात केवळ गोंगाट ऐकू येतो, नातवाला केवळ ठेका. त्या गाण्यातून कोणीतरी काहीतरी सांगत आहे, याकडे लक्ष मात्र दोघांचेही नसते. वडीलधाऱ्यांनी न ऐकता निषेध करावा आणि तरुणांनी न समजता स्वीकार करावा, हे दोन्ही सारखेच घातक आहे. म्हणून अशा गाण्याचा व त्याच्या चित्रफितीचा अर्थ कसा लावावा, याचा थोडा विचार या वेळी करू.

हिप-हॉपचा उगम न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स या भागात झाला. ११ ऑगस्ट १९७३ या दिवशी तेथील सेजविक अॅव्हेन्यूवरील एका इमारतीत डीजे कूल हर्क याने तबकड्या वाजवून जो समारंभ रंगवला, तो या कलेचा आरंभ मानला जातो. त्या काळी ब्राँक्सची स्थिती दारुण होती. वस्तीच्या मधून काढलेल्या द्रुतगती मार्गाने हजारो कुटुंबे विस्थापित झाली होती, इमारती जळत होत्या, रोजगार आटला होता. आरंभीची गाणी करमणुकीचीच होती. पण १९८२ साली ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्युरियस फाइव्ह या समूहाचे ‘द मेसेज’ हे गाणे आले आणि या कलेला सामाजिक वाणी लाभली. फुटक्या काचा, उंदीर आणि त्या सर्वांतून वाढणारे एक निरागस मूल तुरुंगाच्या कोठडीत कसे संपते, याची ती कहाणी आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांची पहिली यादी २००२ साली केली, तेव्हा तीत या गाण्याचा समावेश झाला.

अशा गाण्याचा अर्थ लावताना पहिला प्रश्न विचारायचा तो हा : यात ‘मी’ म्हणणारा कोण आहे? हा प्रश्न मराठी माणसाला नवखा वाटू नये. एकनाथांच्या भारुडांत कधी जोशी बोलतो, कधी आंधळा, कधी विंचू चावलेला माणूस. तेथे ‘मी’ म्हणून जो बोलतो, तो एकनाथ नव्हे, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. शाहिरांच्या लावणीतली विरहिणी म्हणजे स्वतः शाहीर नव्हे, हेही आपण जाणतो. मात्र परभाषेतल्या रॅपमध्ये एखाद्याने ‘मी बंदूक उचलली’ असे म्हटले की आपण लगेच ते गायकाचे आत्मनिवेदन समजतो, किंवा त्याचा उपदेश.

केंड्रिक लमार याचे २०१२ सालचे ‘स्विमिंग पूल्स’ हे गाणे या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. त्याचे ध्रुवपद मद्याचे पेले भरत राहण्याविषयी आहे, चाल झिंग आणणारी आहे, आणि त्यामुळे मद्यपानाच्या मेजवान्यांतूनच ते हौसेने वाजवले गेले. कडव्यांतला आशय याच्या अगदी उलट आहे. मद्यपी माणसांच्या घरात वाढलेले मूल, आजोबांची मद्याची कुपी, बरोबरच्या मंडळींचा आग्रह, ‘इतकीच का घेतलीस’ म्हणून केलेली थट्टा, हे सारे त्यात येते. दुसऱ्या कडव्यात तर गाणाऱ्याची सदसद्विवेकबुद्धीच बोलू लागते आणि त्याला विनाशाची जाणीव करून देते. म्हणजे ध्रुवपदातला आवाज मोहाचा आहे आणि कडव्यातला आवाज विवेकाचा. ज्याने केवळ ध्रुवपद ऐकले, त्याने केवळ मोह ऐकला. झिंग आणणाऱ्या चालीवर नाचणारा श्रोता स्वतःच त्या गाण्यातल्या मोहाचा पुरावा ठरतो!

दुसरा प्रश्न दृश्यांचा. गाण्याबरोबर चित्रफीत आली की अर्थ दुहेरी होतो : कानाला एक सांगितले जाते, डोळ्याला दुसरे. याचे गेल्या काही वर्षांतले सर्वांत चर्चिले गेलेले उदाहरण म्हणजे ‘धिस इज अमेरिका’. डोनाल्ड ग्लोव्हर हा अभिनेता-लेखक ‘चाइल्डिश गॅम्बिनो’ या नावाने गात असे. त्याचे हे गाणे मे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. चित्रफितीचे दिग्दर्शन हिरो मुराई याचे. २०१९ च्या ग्रॅमी समारंभात या कृतीला चार पुरस्कार मिळाले. वर्षातील सर्वोत्तम गीत व सर्वोत्तम ध्वनिमुद्रण हे दोन्ही मान रॅप गाण्याला प्रथमच लाभले ते तेव्हा.

एका विस्तीर्ण, रिकाम्या गोदामात खुर्चीवर बसून एक माणूस गिटार वाजवतो. मागे समूहस्वर आहेत, चाल प्रसन्न आहे. करड्या विजारीतला, उघड्या अंगाचा गायक डुलत डुलत पुढे येतो. गिटार वाजवणाऱ्याच्या मस्तकावर एव्हाना बुरखा आलेला असतो. गायक कमरेमागून पिस्तूल काढतो आणि त्याच्यावर गोळी झाडतो. त्याच क्षणी चाल बदलते. प्रसन्न सुरावटीच्या जागी जड, गडद ठेका सुरू होतो. एक मुलगा लाल वस्त्र पुढे करून ते पिस्तूल हळुवारपणे, जणू एखादी मौल्यवान वस्तू जपावी तसे, झेलून नेतो. मृतदेह मात्र फरफटत ओढून नेला जातो.

मग गायक नाचू लागतो. शाळेच्या गणवेशातली मुले त्याच्याबरोबर नाचतात. त्या नृत्यात दक्षिण आफ्रिकेतल्या लोकप्रिय पदन्यासांचाही समावेश आहे आणि मुद्राभिनय इतका आकर्षक आहे की दृष्टी त्यांच्यावरून हलत नाही. मागच्या बाजूला मात्र माणसे धावत आहेत, दंगल उसळली आहे, पोलिसांची गाडी उभी आहे, वरच्या सज्जात तोंडे झाकलेली मुले हातातल्या मोबाइलवर सारे टिपत आहेत, आणि एक पांढरा घोडा स्वाराला घेऊन निघून जातो. मध्येच गायक एका खोलीत येतो. तेथे चर्चमधील वृंदाप्रमाणे माणसे आनंदाने गात असतात. तो क्षणभर त्यांच्या तालावर डुलतो, कोणीतरी फेकलेली बंदूक झेलतो आणि सर्वांना ठार करतो. पुन्हा बंदूक वस्त्रात जपली जाते, पुन्हा नाच सुरू होतो. शेवटी नाचणारा हाच माणूस अंधाऱ्या वाटेने जीव घेऊन पळताना दिसतो. डोळ्यांत भीती, आणि मागे पाठलाग करणारा जमाव.

याचा अर्थ काय? ग्लोव्हर याने स्वतः तो सांगण्याचे टाळले आहे. तेव्हा अर्थ लावण्याची जबाबदारी आपल्यावर येते, आणि येथे आपल्या न्यायशास्त्राने शिकवलेला भेद उपयोगी पडतो : प्रत्यक्ष कोणते आणि अनुमान कोणते, हे वेगळे ठेवावे. बंदूक वस्त्रात जपली जाते आणि माणूस फरफटला जातो, हे प्रत्यक्ष आहे. त्या देशात माणसाच्या प्राणापेक्षा शस्त्राच्या हक्काची अधिक काळजी घेतली जाते, असे दिग्दर्शकाला सुचवायचे आहे, हे अनुमान आहे. पण ते दृश्यातूनच सहज निघते, म्हणून बळकट आहे. गाणाऱ्या वृंदाच्या हत्येने १७ जून २०१५ रोजी चार्ल्सटन येथील चर्चमध्ये झालेल्या गोळीबाराची आठवण अनेकांना झाली. तेथे प्रार्थनेसाठी जमलेल्या नऊ कृष्णवर्णीयांचे प्राण एका वर्णद्वेष्ट्या तरुणाने घेतले होते. हे अनुमानही इतिहासाच्या आधारावर उभे आहे.

पहिली गोळी झाडताना गायक जो वाकडा पवित्रा घेतो, त्यात अनेकांना ‘जिम क्रो’ दिसला. एकोणिसाव्या शतकात थॉमस राइस हा गोरा नट तोंडाला काळे फासून कृष्णवर्णीयांची टिंगल करणारे पात्र रंगभूमीवर आणीत असे. त्या पात्राचे हे नाव. पुढे वंशभेद लादणाऱ्या कायद्यांनाही तेच नाव पडले. त्या काळच्या चित्रांशी हा पवित्रा जुळतो खरा. गोऱ्या प्रेक्षकांना हसवण्यासाठी एके काळी ज्या देहाची विटंबना झाली, तोच देह आजही जगाला नाचून रिझवतो आहे, असा अर्थ त्यातून निघतो. विजार मात्र यादवी युद्धातील दक्षिणेकडच्या सैन्याच्या गणवेशाची आहे, पांढरा घोडा बायबलमधील मृत्यूचे वाहन आहे, अशी जी अनुमाने पुढे केली गेली, त्यांना तेवढा भक्कम आधार नाही. ती सुचतात, पटतातही, पण सिद्ध होत नाहीत. अर्थ लावणाऱ्याला एवढा संयम हवाच. नाहीतर प्रत्येक रंगात व प्रत्येक बटणात संकेत शोधण्याचा छंद जडतो आणि समोरचे ढळढळीत दृश्य दृष्टीआड होते.

ते ढळढळीत दृश्य कोणते? आपण नाचाकडे पाहत राहिलो, हे. पहिल्यांदा ही चित्रफीत पाहणाऱ्या बहुतेकांना मागची दंगल नीट दिसतच नाही. दिग्दर्शकाने योजनाच तशी केली आहे. मनोरंजन पुढे, मरण मागे. आणि प्रेक्षकाचा डोळा पुढच्यालाच चिकटतो. सज्जातल्या मोबाइलधारी मुलांना आपण नावे ठेवतो, पण आपल्याही हातात मोबाइलच असतो, हे लक्षात आले की चित्रफितीचा रोख आपल्याकडे वळतो. वर्तमानपत्रात अपघाताची बातमी आणि शेजारी विवाहसोहळ्याचे छायाचित्र असले, तर आपले लक्ष आधी कोठे जाते, हा प्रश्न अमेरिकेपुरता उरत नाही.

याच्या शेजारी केंड्रिक लमारच्या ‘ऑलराइट’ची २०१५ सालची कृष्णधवल चित्रफीत ठेवून पाहावी. तीत गायक शहराच्या रस्त्यांवरून हवेत तरंगत जातो. मुले हसतात, नाचतात. अखेरीस तो रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबावर उभा असताना एक पोलीस केवळ बोटांची बंदूक करून त्याच्यावर रोखतो आणि तो खाली कोसळतो. जमिनीवर पडल्यावर मात्र तो डोळे उघडून स्मित करतो. पोलिसी अत्याचारांविरुद्ध निघालेल्या मोर्चांत लोकांनी हे गाणे आपले केले, त्याचे मर्म त्या स्मितात आहे. एका चित्रफितीत नाच सत्य झाकतो, दुसरीत तोच नाच माणसाला तगवून धरतो. म्हणून ‘नाच दिसला की उथळपणा’ असे ठोकळेबाज समीकरण मांडता येत नाही.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे ऐकून घेतला पाहिजे. हिंसेचा निषेध करण्यासाठी हिंसा इतकी आकर्षक करून का दाखवावी? ‘धिस इज अमेरिका’वरही हा आक्षेप घेतला गेला. ज्यांनी आपली माणसे गमावली, त्यांना ते दृश्य पुन्हा भोगावे लागते, आणि अजाण बालकाच्या मनावर तर केवळ गोळीच उमटते. हा आक्षेप खोडून काढता येत नाही. कृतीचा हेतू शुद्ध असला तरी ती प्रत्येक वयासाठी नसते. शिवाय सर्वच हिप-हॉप असे विचारी नसते. पैशाचे प्रदर्शन, स्त्रीची अवहेलना आणि व्यसनाची सरळसरळ जाहिरात करणारी गाणीही विपुल आहेत, आणि ‘ही कला आहे’ एवढे म्हणून त्यांचे समर्थन होत नाही. म्हणूनच पारख हवी. वाईट दाखवणे आणि वाईटाची भलामण करणे यांतली सीमारेषा ओळखायची, तर त्या वाईटाचा परिणाम काय झाला हे गाणे दाखवते की लपवते, हे पाहावे. ‘स्विमिंग पूल्स’ तो परिणाम दाखवते. जे गाणे पेला दाखवते आणि पेल्यानंतरची सकाळ दाखवत नाही, त्याला तोच प्रश्न विचारावा.

ही कला आता आपल्यापासून दूरही राहिलेली नाही. कुर्ल्याच्या नेझी या तरुणाने २०१४ मध्ये ‘आफत’ हे गाणे एका आयपॅडवर ध्वनिमुद्रित व चित्रित केले. अंधेरीच्या डिव्हाइनबरोबरचे त्याचे ‘मेरे गली में’ पुढल्याच वर्षी आले आणि २०१९ मध्ये ‘गली बॉय’ या चित्रपटाने हा प्रवाह घराघरांत पोचवला. आज मराठीतही रॅप लिहिले जाते. त्या गाण्यांतली गल्ली, चाळ आणि लोकलगाडी आपल्या ओळखीची आहे; तेव्हा भाषा कळत नाही ही सबबही उरत नाही.

वाचकहो, घरात कलह होण्यापेक्षा संवाद व्हावा, असे वाटत असेल तर एक साधा उपाय करून पाहावा. मुलगा वा मुलगी जाणत्या वयाची असेल, तर तिचे आवडते गाणे तिच्याबरोबर बसून तीनदा ऐकावे. प्रथम डोळे मिटून : चाल कोठे बदलते आणि का? दुसऱ्यांदा शब्दांकडे लक्ष देऊन : ‘मी’ म्हणणारा कोण, आणि रचणारा त्याच्या बाजूचा आहे की विरुद्ध? तिसऱ्यांदा चित्रफीत पाहताना मुख्य गायकाकडे मुळीच न पाहता, त्याच्या पाठीमागे काय चालले आहे तेवढेच पाहावे. अर्थ आधी मुलांना सांगू द्यावा. वडिलांनी मग आपला सांगावा. दोघांचे अर्थ जुळले नाहीत तर गाणे चौथ्यांदा लावावे. आणि पाठीमागे काहीच चालले नसेल, केवळ मोटारी, दागिने आणि धूर असेल, तर तेही मुलांच्या दृष्टीतून सुटणार नाही.