नाझीम, अहमद आणि दगडी बगळा

"पुस्तकात असं नव्हतं!" ही तक्रार आता जगभर ऐकू येते. जॉर्ज मार्टिन यांच्या कादंबऱ्यांवरची 'गेम ऑफ थ्रोन्स' ही मालिका २०११ मध्ये सुरू झाली आणि २०१९ मध्ये संपली. शेवटचा सीझन नव्याने करा, अशी मागणी करणाऱ्या अर्जावर दहा लाखांहून जास्त चाहत्यांनी सह्या केल्या. त्याच लेखकाच्या दुसऱ्या पुस्तकावरच्या मालिकेबद्दल तर २०२४ मध्ये खुद्द लेखकानेच जाहीर नाराजी व्यक्त केली. आमच्या वाशीतली पोरंही या मालिका हिंदीत, मोबाइलवर पाहतात आणि कुणाला का मारलं, कुणाला का वगळलं यावर तावातावाने भांडतात. मूळ पुस्तक त्यांच्यापैकी एखाद्यानेच पाहिलेलं असतं, पण पुस्तकाची बाजू सगळेच घेतात.

मला या भांडणाचं कौतुक आहे, कारण आमच्या पिढीनेही ते केलं आहे. आमची मालिका होती 'चंद्रकांता'. १९९४ मध्ये नीरजा गुलेरी यांनी ती दूरदर्शनवर आणली. रविवारी सकाळी ज्यांच्याकडे टीव्ही असे त्यांच्या दारात चपलांचा ढीग लागे. वीज गेली की सगळी गल्ली हळहळे. अखिलेंद्र मिश्रांचा क्रूरसिंह भुवया नाचवत 'यक्कू' म्हणाला की पुढचा आठवडाभर शाळेत तेवढंच चाले.

मोठ्या माणसांत मात्र दोन तट होते. आमचे हिंदीचे गुरुजी देवकीनंदन खत्रींचे भक्त. मालिकेने खत्रींची पार माती केली, असं त्यांचं ठाम मत होतं. दुसरे माझे चुलते. त्यांचं शिक्षण निजामाच्या राजवटीत, उर्दूतून झालेलं. ते गुरुजींना डिवचत, "अहो गुरुजी, तुमच्या खत्रींनी तरी कुठं घरचं आणलंय? ऐयार आमच्या दास्तानीतला, तिलिस्म आमच्या दास्तानीतलं. मग टीव्हीवाल्यानं थोडं बदललं तर रडता कशाला?" गुरुजी म्हणत, "चाचा, घेणं वेगळं आणि नासवणं वेगळं." त्या वेळी आम्हा पोरांना दोघांच्याही म्हणण्यात रस नव्हता. आज वाटतं, दोघांकडेही अर्धा-अर्धा मुद्दा होता आणि तो जोडायचं काम राहून गेलं.

आधी चाचांचा अर्धा मुद्दा घेऊ. 'चंद्रकांता' १८८८ च्या सुमारास प्रसिद्ध झाली. त्याआधी काही वर्षं, १८८३ पासून, लखनौच्या मुन्शी नवल किशोर यांच्या छापखान्यातून 'तिलिस्म-ए-होशरुबा'चे खंड निघू लागले होते. मुहम्मद हुसैन जाह आणि अहमद हुसैन क़मर या दास्तानगोंनी ते लिहिले. अमीर हमजाची ही दास्तान पुढे वाढत वाढत ४६ खंडांपर्यंत गेली. वेष पालटून शत्रूच्या गोटात शिरणारा, हसवणारा आणि फसवणारा अमर ऐयार हा तिच्यातला लोकांचा सर्वांत लाडका माणूस. 'ऐयार' आणि 'तिलिस्म' हे दोन्ही शब्द अरबी-फारसीच्या वाटेने आपल्याकडे आले. मुस्लिम दास्तानगोंच्या तोंडची कथा एका हिंदू प्रकाशकाने छापली आणि काशीत बसून एका हिंदू लेखकाने त्या मसाल्यातून नवी कादंबरी रचली. ती वाचता यावी म्हणून कित्येक लोक हिंदी शिकले, असं हिंदी साहित्याचे इतिहासकार सांगतात. मराठीतही हेच घडलं होतं. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी सुरस व चमत्कारिक गोष्टी इंग्रजीवरून आणल्या आणि त्या मराठी घराघरांत आपल्याच होऊन गेल्या. तेव्हा 'मुळात' हा शब्द जरा जपूनच वापरावा.

पण गुरुजींचा मुद्दा इथूनच सुरू होतो. खत्रींनी दास्तानीतून सामान घेतलं, तिचा कायदा मात्र घेतला नाही. होशरुबामध्ये जादू खरी आहे. तिथला अफ्रासियाब हा जादूगारांचा बादशहा आहे. खत्रींच्या 'चंद्रकांता'त खरी जादू नाही. त्यांचं तिलिस्म माणसांनी बांधलेलं आहे. त्यात कळा आहेत, चोरदरवाजे आहेत, भुयारं आहेत. खत्री जंगलाच्या ठेकेदारीच्या निमित्ताने चकिया-नौगढच्या रानात हिंडले होते, पडके वाडे आणि किल्ले त्यांनी पाहिले होते. त्यांच्या ऐयाराकडे मंत्र नसतो, बटवा असतो. त्यात बेशुद्धीचं औषध, शुद्धीवर आणणारा लखलखा आणि वेष बदलण्याचं सामान असतं. पकडला गेला तर तो गायब होऊ शकत नाही, त्याला डोकंच चालवावं लागतं.

कादंबरीत पडक्या इमारतीतला एक दगडी बगळा आहे. तो चोच उघडतो आणि जिवंत माणसाला गिळतो. वाचताना अंगावर काटा येतो. पण खत्री शेवटी वाचकाला हाताला धरून नेतात आणि दाखवतात की ते यंत्र होतं. एक सिद्धनाथ योगी आहे. तो अचानक प्रकटतो, त्याला सगळं आधीच ठाऊक असतं, राजेमहाराजे त्याच्या पायावर डोकं ठेवतात. शेवटी कळतं की हा बाबा म्हणजे तेजसिंहाचा बाप, जुना कसलेला ऐयार जीतसिंह! रानात फिरणारी गूढ वनकन्या खुद्द चंद्रकांता निघते. एकूण एक चमत्काराचा हिशोब चुकता होतो.

आमच्या तालुक्यातल्या वाचकाला हे पटायला वेळ लागू नये. तेरखेड्याच्या फटाक्यांचं नाव दूरवर आहे. आभाळात फुटणारं फूल पाहून पोर जितकं थक्क होतं, तितकंच ते बनवणाऱ्यालाही समाधान असतं. पण त्याला ठाऊक असतं की दारूचं प्रमाण किती, वात केवढी. कारण ठाऊक असल्याने फुलाची शोभा कमी होत नाही. खत्रींचं तिलिस्म या जातीचं आहे.

मालिकेने नेमका हाच कायदा सैल केला. कादंबरीतला शिवदत्त हा चुनारचा हट्टी, लोभी पण साधा राजा. पडद्यावर तो 'विषपुरुष' झाला. पुढे २०१७ मध्ये कलर्स आणि लाइफ ओके अशा दोन वाहिन्यांवर एकाच वर्षी चंद्रकांता आली, तोवर प्रेक्षकांना नागिणींची आणि शक्तींची इतकी सवय झाली होती की यंत्राने चालणारं तिलिस्म दाखवण्याची कुणाला गरजच वाटली नाही. उलगडा करायला डोकं लागतं आणि संयमही लागतो. चमत्काराला फक्त धूर आणि विजेचा कडकडाट पुरतो.

माझी तक्रार इथे आहे आणि ती साहित्यापुरती नाही. आपल्या घरांत आजही मूल आजारी पडलं की आधी कुणीतरी तावीज आणतं. लग्न जमेना की 'कुणीतरी करणी केली' म्हणून आमिलाकडे पैसे मोजले जातात. शेजारच्या हिंदू घरात हेच काम देवऋषी करतो. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २०१३ मध्ये खून झाला आणि त्यानंतर त्याच वर्षी महाराष्ट्राला जादूटोणाविरोधी कायदा मिळाला. अशा मुलखात, 'बाबाचा मुखवटा ओढा, आत माणूसच सापडेल' असं सांगणारी एक लोकप्रिय कादंबरी सव्वाशेहून अधिक वर्षं आपल्याजवळ आहे. तिचं नाव घ्यायचं आणि तिच्यातली हीच गोष्ट काढून टाकायची, याला मी नासवणं म्हणतो. होशरुबाची जादू दाखवायची तर होशरुबाच करा, मी पहिल्या रांगेत बसून पाहीन.

आता गुरुजींना न आवडणारी बाजू. पुस्तकाशी शब्दशः इमान राखा, असं म्हणणाऱ्यांना मी एक प्रश्न विचारतो. 'चंद्रकांता'तल्या दुष्ट क्रूरसिंहाचे दोन खास ऐयार कोण? नाझीम अली आणि अहमद खाँ. चोरून पाळत ठेवणारे, कपटी, पदोपदी फजित होणारे. आणि नायकाच्या बाजूने उभ्या असलेल्या ऐयारांत एकही असं नाव नाही. ज्या दास्तानीतून ऐयार नावाचा माणूस आला, तिचे दास्तानगो याच नावांचे होते. कादंबरीत आल्यावर ती नावं फक्त खलनायकाच्या पदरी उरली. हे खत्रींचं एकट्याचं पाप नाही, त्या काळच्या काशीच्या हवेत हिंदी-उर्दू, हिंदू-मुसलमान ही ओढाताण भरलेली होती. पण वाचणाऱ्या मुलाला तो इतिहास ठाऊक नसतो. वर्गात अहमद नावाचा मुलगा असेल तर पुढचा आठवडा त्याचा कसा जातो, हे मी समजावून सांगायची गरज नाही.

मग ही नावंही इमानाने पुढे न्यायची का? मी म्हणतो, नाही. आणि त्यासाठी माझ्याकडे साधी कसोटी आहे: ती गोष्ट काढली तर कथेची इमारत कोसळते का? बगळ्यातलं यंत्र काढा, सिद्धनाथाच्या दाढीखालचा जीतसिंह काढा, 'चंद्रकांता'त फक्त पळापळ उरते. क्रूरसिंहाच्या ऐयारांची नावं बदला, किंवा एखादा अहमद वीरेंद्रसिंहाच्या बाजूला आणून उभा करा, एक वीटही हलणार नाही. उलट, ऐयारी तिच्या घरी परतल्यासारखी वाटेल.

या कसोटीवर मालिकेतले काही बदल उत्तम उतरतात. कादंबरीत क्रूरसिंह फार काळ टिकत नाही. मालिकेने त्याला जगवलं, वाढवलं आणि मिश्रांनी त्याचं सोनं केलं. त्यात कायदा मोडला नाही. दुसरा बदल तर कुणी ठरवूनही केला नसेल. राजपुत्र वीरेंद्रसिंह झाला शाहबाज खान, इंदूरच्या उस्ताद अमीर खाँ साहेबांचा मुलगा. पंडित बद्रीनाथ ऐयार झाला इरफान खान. लाखो पोरांनी त्या दोघांवर जीव टाकला, कुणी नाव विचारलं नाही. खत्रींच्या पानावर जी जागा मुसलमानाला मिळाली नव्हती, ती पडद्यावर नटांनी सहज घेतली. त्याच्या काही वर्षं आधी 'महाभारत' मालिकेचे संवाद राही मासूम रझांनी लिहिले होते. मुसलमानाने महाभारत लिहावं का, असा प्रश्न तेव्हा काहींनी केला होता. या राहींनी अलीगढला पीएच. डी. केली होती ती 'तिलिस्म-ए-होशरुबा'वर. दास्तान कोळून प्यालेल्या माणसाने व्यास घराघरांत पोचवला. कथा कुणाच्या मालकीची, या वादाला याहून चांगलं उत्तर मला ठाऊक नाही.

काहीजण म्हणतील, आज नावं बदलाल, उद्या पुस्तकच खरवडाल. मी त्याच्या सक्त विरोधात आहे. खत्रींचं पुस्तक जसं आहे तसंच छापलं जावं, नाझीम-अहमदसकट. शिक्षकाने ते वर्गात वाचावं आणि या दोघांपाशी थांबून त्यावर बोलावं. पुस्तक हा त्या काळाचा दाखला आहे, त्यात खाडाखोड करणं म्हणजे पुरावा नष्ट करणं. मालिका ही आजची कृती आहे, आजच्या घरात, आजच्या मुलांसमोर चालणारी. तिला आजचा जाब द्यावा लागतो. आणि एक उलटी भीतीही सांगतो. वाईट अहमदच्या जागी दर वेळी प्राण देणारा, देवासारखा चांगला रहीमचाचा आणून बसवणं हाही खोटेपणाच आहे. आम्हाला फरिश्ता व्हायचं नाही. चलाख, विनोदी, कधी चुकणारा, वेळेला मित्राच्या कामी येणारा एक साधा ऐयार पुरे आहे.

म्हणून भांडणाऱ्या पोरांना माझं सांगणं आहे की भांडा, पण यादी घेऊन भांडू नका. अमुक प्रसंग गाळला, तमुक राणीच्या केसांचा रंग चुकला, यात फार दम नाही. या कथेचा कायदा काय होता आणि पडद्यावर तो पाळला का, हे विचारा. पुस्तकाने कुणावर अन्याय केला असेल, तर तो तसाच पुढे ढकलला की सुधारला, हेही विचारा. त्यासाठी पुस्तक वाचावं लागेल. 'चंद्रकांता' अवघी चार भागांची आहे, हिंदी सोपी आहे आणि तिच्या नादाने पुढे 'संतति'चे चोवीस भाग खुणावतात. गावातल्या वाचनालयात एक प्रत आणून ठेवायला फार खर्च येत नाही. मी येत्या महिन्यात ती देणार आहे. पहिला वाचक कोण होतो, ते पाहू.