मधली तिरकी रेघ

परवा मावसभावाचा पुण्याहून फोन आला. "दादा, पोर्टफोलिओ तयार झालाय, जरा बघशील का?" पोरगा हुशार आहे. सहा महिन्यांचा कोर्स करून 'यूआय/यूएक्स डिझायनर' झालाय. उघडून पाहिले. एका बँकेच्या अ‍ॅपला त्याने नवे रूप दिले होते. गिचमिड जुन्या स्क्रीनच्या जागी मोकळा पांढरा स्क्रीन, गोलसर कोपऱ्यांची बटणे, सुबक अक्षर. झकास! मी विचारले, "हे वापरणार कोण?" म्हणाला, "यूजर." "अरे पण कोण यूजर? कधी, कुठे बसून, कशासाठी?" फोनवर शांतता.

मंडळी, चूक पोराची नाही. चूक त्या मधल्या तिरक्या रेघेची आहे. 'यूआय/यूएक्स' असे लिहिले की वाचणाऱ्याला वाटते, एकाच वस्तूची ही दोन नावे. नोकरीच्या जाहिरातीत तसेच, क्लासच्या बोर्डावरही तसेच. कंपन्यांना ते सोयीचे पडते. एका पगारात दोन कामे उरकल्याचे दाखवता येते, आणि त्यातले दुसरे प्रत्यक्षात कोणीच केलेले नसते. माझ्या मते ही रेघ घातक आहे. तिची किंमत आम्ही इंजिनियर आणि डिझायनर मोजत नाही, दुसरेच मोजतात.

आधी व्याख्या उरकून घेऊ. यूजर इंटरफेस म्हणजे माणूस आणि यंत्र जिथे भेटतात ती जागा: स्क्रीन, बटणे, मेनू, अक्षरे, रंग. यूजर एक्सपिरियन्स म्हणजे माणसाला गरज पडली तिथपासून ती भागली (किंवा तो कंटाळून घरी गेला) तिथपर्यंतचे सगळे. त्यात स्क्रीन येतोच, पण रांग, फॉर्म, न आलेला ओटीपी आणि हेल्पलाइनवरची ती अखंड धूनही येते. डॉन नॉर्मन १९९३ साली अ‍ॅपलमध्ये गेला तेव्हा त्याने आपल्या हुद्द्यातच 'यूजर एक्सपिरियन्स' हे शब्द घातले, कारण 'इंटरफेस' हा शब्द त्याला तोकडा वाटत होता. म्हणजे ज्या दाव्यातून सुटायला हा शब्द पुढे आला, त्याच दाव्याला आपण त्याला पुन्हा नेऊन बांधले. आता बोला!

"ते सगळे खरे, पण शेवटी वापरणाऱ्याला दिसतो तो स्क्रीनच ना?" हा आक्षेप मी मीटिंगांमध्ये इतक्यांदा ऐकलाय की आता पाठ झालाय. त्याला माझे उत्तर एकच. १३ जानेवारी २०१८, हवाई बेटे.

त्या शनिवारी सकाळी ८ वाजून ७ मिनिटांनी तिथल्या लोकांच्या मोबाईलवर सरकारी इशारा आला: क्षेपणास्त्र येत आहे, ताबडतोब आसरा घ्या, ही कवायत नाही. लोक पोराबाळांना घेऊन बाथरूममध्ये लपले, नातेवाइकांना निरोपाचे फोन झाले. इशारा खोटा असल्याचा संदेश त्याच मोबाईलवर यायला ३८ मिनिटे लागली.

पहिल्या दिवशी कारण सांगितले गेले ते असे, की कर्मचाऱ्याने मेनूतला चुकीचा पर्याय निवडला. एका भयाण मेनूचे चित्रही फिरले. ते खऱ्या स्क्रीनचे नव्हतेच, हे मागाहून कळले. पण तोवर जगभरच्या डिझायनरांनी तो मेनू सुधारून दाखवायला सुरुवात केली होती. यूआयवाल्यांना त्यांचा खिळा सापडला होता.

मग अमेरिकेच्या दळणवळण आयोगाची चौकशी झाली आणि गोष्ट वेगळीच निघाली. शिफ्ट बदलताना आयत्या वेळी एक सराव ठेवला होता. येणाऱ्या शिफ्टच्या पर्यवेक्षकाला वाटले, तो सराव जाणाऱ्यांसाठी आहे. सरावाच्या ध्वनिमुद्रित निरोपात 'सराव, सराव' असेही होते आणि 'ही कवायत नाही' असेही! कर्मचाऱ्याच्या सांगण्याप्रमाणे त्याने दुसरेच तेवढे ऐकले आणि हल्ला खरा आहे असे समजून खरा इशारा पाठवला. म्हणजे त्याला जे पाठवायचे होते तेच त्याने मेनूतून निवडले. इशारा पाठवण्याआधी दुसऱ्या कोणाची संमती लागत नव्हती. आणि इशारा खोटा असल्याचे कळवायचा मजकूर आधीपासून तयारच नव्हता. गव्हर्नरना तर दोनच मिनिटांत खरे कळले होते, पण आपल्या ट्विटर खात्याचा पासवर्ड आपल्याला ठाऊक नव्हता, असे त्यांनी स्वतःच नंतर कबूल केले.

स्क्रीन अगदी निर्दोष होता असे मी म्हणत नाही. 'हा इशारा नक्की पाठवायचा का?' हा प्रश्न सरावाला आणि खऱ्या इशाऱ्याला एकाच शब्दांत विचारला जात होता. तो बदलायलाच हवा होता. पण नुसता तो बदलून काय झाले असते? ज्याला हल्ला खरा वाटतोय, तो कितीही लाल रंगाच्या बटणावर 'हो'च दाबणार. बिघाड होता तो निरोपाच्या शब्दांत, शिफ्टच्या वेळापत्रकात आणि न लिहिलेल्या माफीच्या मजकुरात. यातले काहीही कुठल्याच पोर्टफोलिओत दिसत नाही.

हे फार दूरचे वाटत असेल, तर आपल्याकडचे घ्या. दर नोव्हेंबरात पेन्शनरांना आपण जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. २०१४ साली 'जीवन प्रमाण' आले आणि हे काम बोटाच्या ठशावर होऊ लागले. कल्पना चांगलीच होती. पण वयाने आणि कष्टाने बोटांवरच्या रेषा झिजतात आणि यंत्र ठसा घेत नाही. आता तिथे कितीही सुंदर बटण काढा, आजीचे बोट काही तरुण होत नाही! पुढे २०२० मध्ये पोस्टमनने यंत्र घेऊन घरी येण्याची सोय झाली, २०२१ मध्ये चेहऱ्यावरून ओळख पटवणे आले. माझ्या लेखी या सगळ्यात यूएक्सचे सर्वात चोख काम म्हणजे तो पोस्टमन. आजीला एकही स्क्रीन बघावा लागत नाही. आता हे काम 'यूआय/यूएक्स' वाल्याच्या कोणत्या फोल्डरात बसवणार?

यूआय हे हलके काम आहे, असा याचा अर्थ कोणी काढू नये. चांगले अक्षर आणि योग्य जागी बटण ही कसबाची गोष्ट आहे, मला स्वतःला ती जमत नाही. पण रंगारी आणि घर बांधणारा यांना एकच पाटी दिली, की भिंती रंगतात आणि छप्पर गळते. त्यापेक्षा ज्याला स्क्रीन येतो त्याने 'यूआय डिझायनर' असे ताठ मानेने लिहावे. यूएक्सची जबाबदारी ज्याला द्याल, त्याला स्क्रीनच्या बाहेरचे नियमही बदलायचा अधिकार द्यावा. तो द्यायचा नसेल, तर निदान ते नाव तरी वापरू नये.

मावसभावाला शेवटी एवढेच सांगितले: अ‍ॅप आहे तसे ठेव. नोव्हेंबरात एक दिवस सुट्टी काढ, कुठल्याही बँकेच्या शाखेत सकाळी दहाला जाऊन बाकावर बस, आणि म्हातारी माणसे कशाकशासाठी परत पाठवली जातात ते वहीत लिही. तो म्हणाला, "दादा, पण ते पोर्टफोलिओत कसे दाखवू?"

असो. प्रश्न बरोबर आहे. मुलाखत घेणाऱ्यांनी त्याचे उत्तर द्यावे.