अंगठ्याच्या नखाकडे कोण बघणार?

कुर्डूवाडीच्या एसटी स्टँडवर गाडीची वाट पाहताना माणसे समोरच्याचे कपडे बघतात, हातातली पिशवी बघतात, नाहीतर मोबाइलमध्ये डोके घालतात. नजर थोडी खाली नेली, तर माढा तालुक्याच्या आरोग्याचा बराचसा हिशेब तिथे मांडलेला दिसेल. रबरी स्लिपर, कातडी पायताण, प्लास्टिकची सँडल आणि त्यातून बाहेर आलेली बोटे. टाचेच्या भेगांत बसलेली काळी माती. अंगठ्याचे नख जाड, पिवळे, एका बाजूने उचललेले. जोडवी रुतून बोटावर पडलेला वळ. करंगळीच्या कडेला भोवरी. बूट घालणारा हे सगळे झाकून फिरतो. चपलेतला पाय काहीच लपवत नाही. तरी तो कोणी बघत नाही.

आणि सर्वांत कमी बघतो तो डॉक्टर. दवाखान्याच्या दारावर ‘चपला बाहेर काढाव्यात’ अशी पाटी असते. रुग्ण अनवाणी आत येतो, स्टुलावर बसतो, दंड पुढे करतो. रक्तदाब, साखरेचा कागद, गोळ्या, पुढचा. उघडे पाय टेबलाखालीच राहतात. सरकारी रुग्णालयात रांग दाराबाहेर गेलेली असते हे खरे, पण निवांत चालणाऱ्या खासगी दवाखान्यातही टेबलाखाली वाकणारे थोडेच.

पायाची नखे हा विषय आपल्याकडे सौंदर्याच्या रकान्यात टाकला गेला आहे. उन्हाळा आला की उघड्या सँडलमध्ये पाय छान दिसावेत म्हणून काय लावावे, याचे सल्ले येतात. छान दिसण्यात गैर काहीच नाही. पण वर्षाचे बारा महिने उघड्या चपलेत राहणारा माणूस म्हणजे इथला शेतकरी, शेतमजूर, ऊसतोड कामगार. त्याला हा सल्ला कोणी देत नाही.

पूर्वी न्हावी नराणीने नखे काढायचा. आता घरात एक नेलकटर असतो, तो सगळ्यांना चालतो; नाहीतर दाढीचे अर्धे ब्लेड. हाताच्या नखासारखेच पायाचे नख गोल कापायचे आणि कोपऱ्यात काही टोचत असेल तर आत खोलवर कोरून काढायचे, ही सर्रास सवय आहे. घोटाळा तिथेच होतो. कोपरा खोल कापला की कडेचे मांस वर येते, आत राहिलेले नखाचे अणकुचीदार टोक वाढताना त्या मांसात घुसते, बोट सुजते, पू होतो. दुखते म्हणून माणूस आणखी खोल कोरतो. पायाचे नख महिन्याला साधारण दीड मिलिमीटर वाढते. अंगठ्याचे पूर्ण नख नव्याने यायला वर्ष ते दीड वर्ष लागते. म्हणजे ब्लेडने एका मिनिटात केलेली चूक पुढचे कित्येक महिने निस्तरावी लागते. आंघोळीनंतर नख मऊ असते, तेव्हा ते सरळ आडवे कापावे, बोटाच्या टोकाइतके ठेवावे आणि कोपरे फक्त घासून बोथट करावेत. एवढेच तंत्र आहे.

म्हाताऱ्या माणसांचे मात्र एवढ्याने भागत नाही. नख जाड झालेले, डोळ्यांना दिसत नाही, कंबर वाकत नाही. अशांची नखे घरातल्या दुसऱ्या कोणीतरी कापायला हवीत. सणाला, लग्नकार्याला, परीक्षेला निघताना आपण मोठ्यांच्या पाया पडतो. त्या क्षणी आजोबांचे नख डोळ्यांपासून हातभर अंतरावर असते. कितीजण ते बघतात?

उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले, कालव्यांमागोमाग या भागात ऊस पसरला. शेतीची वीज बऱ्याचदा रात्री येते, त्यामुळे दारे धरायला माणूस रात्रभर चिखलात उभा राहतो. त्यातून बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात: कातडी पांढरी पडते, सोलते, खाज सुटते. उपाय साधा आहे. पाय धुतल्यावर बेचके कोरड्या फडक्याने टिपायचे, डॉक्टरने सांगितलेले बुरशीनाशक मलम लावायचे. पण औषधाच्या दुकानातून ‘खाजेची ट्यूब’ आणली जाते. तिच्यात पुष्कळदा स्टेरॉइड असते. दोन दिवस आराम पडतो, आत बुरशी मात्र फोफावते. तेल टाचेला लावावे, बेचक्यात नाही. ओल तिथेच कोंडते. टाच घासायला वजरी चालेल, रक्त येईपर्यंत नको.

बुरशी नखातही शिरते, पण जाड पिवळे नख दिसले की बुरशीच, असे नाही. वर्षानुवर्षे चपलेचा दाब आणि ढेकळांच्या ठेचा खाऊनही नख तसे होते. म्हणून नखाचा चुरा तपासून मगच औषध सुरू केलेले बरे. ते साधारण तीन महिने घ्यावे लागते आणि नख स्वच्छ दिसायला त्यानंतरही बराच काळ जातो. दोन आठवड्यांत फरक नाही म्हणून गोळ्या सोडणाऱ्यांचे पैसे वाया जातात. नेलपॉलिश लावायला हरकत नाही, पण मधूनमधून ते काढून नख उजेडात बघावे. ठेच लागलेली नसताना नखाखाली काळा पट्टा उमटला आणि तो रुंद होत गेला, तर वाट बघत बसू नये. गायक बॉब मार्ले यांच्या अंगठ्याच्या नखाखाली १९७७ मध्ये असाच कर्करोग सापडला होता. १९८१ मध्ये, वयाच्या ३६व्या वर्षी, ते गेले.

हे सगळे ज्याच्या पायाला दुखते त्याच्यासाठी. ज्याला दुखतच नाही, त्याचे काय? देशात १० कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा अंदाज भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीतून २०२३ मध्ये पुढे आला. साखर वर्षानुवर्षे चढी राहिली की पायाच्या नसा हळूहळू बधिर होतात. आधी मुंग्या, जळजळ. पुढे काहीच नाही. माणसाला वाटते, बरे वाटले. मग नवी कोल्हापुरी चावते आणि कळत नाही. ज्वारीचे धसकट घुसते, बाभळीचा काटा रबरी तळव्यातून आरपार येतो, कळत नाही. चैत्र-वैशाखात देवळाच्या तापलेल्या फरशीवर प्रदक्षिणा घातली जाते आणि फोड संध्याकाळी घरचे कोणीतरी दाखवते. धान्य साठवलेल्या घरात जमिनीवर झोपलेल्या मधुमेही माणसाचे बोट रात्री उंदराने कुरतडले आणि सकाळी अंथरुणावर रक्त दिसले, हेही घडते. आणि कोपरा कोरताना ब्लेड मांसात गेले, तेही कळत नाही. हळद भरली जाते, चिंधी बांधली जाते, काम चालू राहते. दुखत नाही म्हणून दवाखाना लांबतो. पंधरा दिवसांनी वास येऊ लागतो आणि सोलापूरला नेईपर्यंत प्रश्न बोट वाचवण्याचा नाही, पाय कुठून कापायचा याचा झालेला असतो. मधुमेहात पाय कापावा लागलेल्यांपैकी बहुतेकांची सुरुवात अशाच एखाद्या लहान जखमेने झालेली असते.

कुष्ठरोग्यांची बोटे रोगाने झडतात, असा समज होता. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये पॉल ब्रँड या शल्यविशारदाने दाखवून दिले, की बोटे जातात ती बधिरपणामुळे, न कळलेल्या जखमांमुळे. तिथेही रात्रीचे उंदीर होतेच. त्या कामातून बधिर पायांसाठी मऊ रबराच्या तळव्याची चप्पल आली. कुष्ठरोग कार्यक्रमात ती आजही दिली जाते. मधुमेह्याच्या पायाचे दुखणे तेच आहे, किंवा न दुखणे तेच आहे म्हणा. पण त्याला चपलेबद्दल कोणी विचारतही नाही.

‘बंद बूट घाला’ असे सांगून मोकळे होणे सोपे आहे. चाळीस अंशांच्या वर गेलेल्या सोलापुरी उन्हात, ओल्या रानात दिवसभर बंद बूट घालून काम करणारा शेतकरी पुस्तकातच असतो. घातलेच, तरी आत घाम आणि चिखल्या. चप्पल राहणारच, तेव्हा चपलेचेच बोलावे. पाय बधिर असेल तर अंगठ्याचा पट्टा असलेली स्लिपर नको. ती निसटते आणि धरून ठेवायला बोटे आवळावी लागतात. मागे पट्टा असलेली, काटा पार होणार नाही अशा जाड तळव्याची आणि आतून मऊ सँडल हवी. ती संध्याकाळी घ्यावी, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो. घालण्यापूर्वी आत हात फिरवून खडा, खिळा आहे का ते बघावे. घरातही अनवाणी फिरू नये. देवळात मोजे घालून जावे. पांडुरंग त्यावर रागावल्याचे ऐकिवात नाही.

पाय बधिर आहे का, हे घरी कळते. इंग्लंडमधल्या इप्सविचच्या डॉक्टरांनी रूढ केलेली ही पद्धत आहे. मधुमेह्याने डोळे मिटायचे. दुसऱ्याने दोन्ही पायांच्या अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या आणि करंगळीच्या टोकाला बोटाने एक-दोन सेकंद अलगद स्पर्श करायचा. दाबायचे नाही, टिचकी मारायची नाही. सहापैकी दोन किंवा अधिक ठिकाणी कळले नाही, तर त्या पायाला धोका आहे. एवढ्यासाठी ना यंत्र लागते, ना प्रयोगशाळा.

घरात जमणारी ही गोष्ट दवाखान्यात का होऊ नये? तीस वर्षांवरील प्रत्येकाची मधुमेहासाठी तपासणी करण्याचा सरकारी कार्यक्रम चालू आहे. साखर निघते, नोंद होते, गोळ्या मिळतात. मधुमेह्याच्या केसपेपरवर रक्तदाब आणि साखरेच्या खाली ‘पाय पाहिले : होय / नाही’ अशी एक ओळ छापायला काय लागते? ओळ असली की भरावी लागते, भरायची म्हटले की वाकावे लागते. डॉक्टरला वेळ नसेल तर हे काम परिचारिकेने, आरोग्यसेविकेने करावे. सहा बोटांना स्पर्श, बेचक्यांवर नजर, नखांचे कोपरे. मिनिट, फार तर दोन. कुष्ठरोग्याला मिळते तशी चप्पल बधिर पायाच्या मधुमेह्यालाही सरकारी रुग्णालयातून मिळावी. तिचा खर्च पाय कापण्याच्या एका शस्त्रक्रियेशी, त्यानंतरच्या कुबड्यांशी आणि बुडालेल्या मजुरीशी ताडून पाहावा.

आषाढात पैठणहून नाथांची पालखी कुर्डूमार्गे पंढरपूरला जाते. वाटेवरची माणसे वारकऱ्यांचे पाय चेपतात, तेल लावतात, फोडांवर पट्टी बांधून देतात. त्या पायांमध्ये मधुमेह्यांचे पायही असतात. पुढच्या आषाढात तेल लावणाऱ्यांनी ‘साखरेचा त्रास आहे का माउली?’ एवढे विचारून सहा बोटांना हात लावून बघितला, तर पंढरपूरला पोहोचण्याआधीच काहीजणांना योग्य दवाखान्याची चिठ्ठी देता येईल.