सुइणीची रोजनिशी

अमेरिकेचा इतिहास म्हटला म्हणजे आपल्याकडील चांगल्या शिकलेल्या घरांतहि वॉशिंग्टन, लिंकन आणि बोस्टनच्या बंदरांत बुडविलेल्या चहाच्या पेट्या एवढ्यावर संभाषण थांबतें. तो चहा ज्यांच्या घरीं जावयाचा, त्या घरांतून त्या काळीं काय चाललें होतें, हें विचारण्याचें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. तेथील पंडितांनींहि तें फार वर्षें विचारलें नव्हतें. ज्या एका विदुषीनें तें विचारलें आणि मिळालेलें उत्तर सर्वांस वाचतां येईल अशा रीतीनें सांगितलें, तिची हकीकत आज वाचकांपुढें ठेवावयाची आहे.

मार्था बॅलर्ड ही बाई १७३५ सालीं मॅसॅच्युसेट्स प्रांतांतील ऑक्सफर्ड गांवीं जन्मली. १७६९ च्या उन्हाळ्यांत घटसर्पाच्या सांथींत तिच्या तीन मुली थोड्याच दिवसांच्या अंतरानें गेल्या. पुढें हें कुटुंब आजच्या मेन संस्थानांत, केनेबेक नदीच्या कांठीं हॅलोवेल येथें राहावयास आलें आणि बाई सुईणपण करूं लागली. जानेवारी १७८५ पासून मे १८१२ पर्यंत, म्हणजे २७ वर्षांवर, तिनें पिसाच्या लेखणीनें व घरीं केलेल्या शाईनें रोजनिशी लिहिली. हवा कशी होती, कोणाकडे जाणें झालें, कोणास मूल झालें, सूत किती कातलें, फी मिळाली कीं राहिली, एवढाच मजकूर. अशा सुमारें १०,००० नोंदी आणि त्यांत ८१६ बाळंतपणें!

हे कागद घराण्यांत राहिले व १८८४ सालीं मार्थेच्या खापरपणतीच्या, डॉक्टर मेरी होबार्ट हिच्या हातीं आले. त्याच वर्षीं ती वैद्यकाची पदवीधर झाली होती. आपल्या आनंदीबाई जोशी १८८६ सालीं फिलाडेल्फियास पदवीधर झाल्या, हें आठवलें म्हणजे तो काळ आपणांस अगदीं परका वाटणार नाहीं. १९३० सालीं तिनें रोजनिशी मेनच्या सरकारी ग्रंथालयास दिली.

परंतु वाचणारे कसे भेटले पाहा. १८७० सालीं गांवाचा इतिहास लिहिणाऱ्या गृहस्थांनीं, थोडीं स्थळें वगळतां तींत सर्वसामान्य वाचकास रस वाटण्यासारखें नाहीं, असा शेरा दिला. पुढें सुईणपणाचाच इतिहास लिहिणारांनाहि ती क्षुल्लक गोष्टींनीं भरलेली दिसली.

लॉरेल थॅचर अल्रिक यांस तसें वाटलें नाहीं. पांच मुलांचा संसार सांभाळून या बाईंनीं १९८० सालीं न्यू हॅम्पशायर विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली व तेथेंच त्या इतिहास शिकवूं लागल्या. १९९० सालीं त्यांनीं ‘ए मिडवाइफ्स टेल’, म्हणजे ‘सुइणीची कहाणी’, हा ग्रंथ प्रसिद्ध केला. इतरांनीं जें गाळलें तेंच त्यांनीं धरून ठेवलें. प्रत्येक प्रकरणाच्या आरंभीं रोजनिशींतील उतारा जशाचा तसा दिला. मग कोर्टाचें दप्तर, कराच्या याद्या, व्यापाऱ्यांच्या वह्या यांच्याशीं तो ताडून त्याचा अर्थ उलगडून दाखविला.

ऑगस्ट १७८७ मधील तीन आठवडे घ्या. गांवांत घसा धरून अंगावर पुरळ उठविणाऱ्या तापाची सांथ होती. एवढ्या अवधींत मार्थेनें ४ बाळंतपणें केलीं, १६ वेळां आजाऱ्यांकडे गेली, ३ प्रेतांची अखेरची तयारी केली, शेजाऱ्यांसाठीं औषधी पाला खुडला आणि नवऱ्याच्या दुखऱ्या घशालाहि औषध दिलें. डॉक्टर म्हणविणारे पुरुष त्या गांवांत होते. तरी जन्मापासून मरणापर्यंत घरोघरची काळजी वाहत होत्या त्या बायका. तसेंच व्यापाराचें. पुरुषांच्या जमाखर्चांत लांकूड व धान्य दिसतें. पण मार्थेच्या घरीं मागावर मुली कापड विणीत आणि शेजारणी-शेजारणींत कामाची व जिनसांची फेड होई, हें तिच्या वहीवांचून कळलें नसतें.

एकत्र कुटुंबांतील वाचकांस आणखी एक प्रसंग ओळखीचा वाटेल. १८०४ सालीं मार्थेचा सुमारें ऐंशीं वर्षांचा नवरा कर-वसुलीची बाकी भरतां न आल्यामुळें तुरुंगांत गेला. मुलगा व सून बिऱ्हाडासह घरांत आलीं. म्हातारीच्या वाट्यास एक खोली राहिली. त्या दिवसांतील कुरबुरीहि वहींत आहेत. अल्रिकबाईंनीं त्या झांकल्या नाहींत आणि सुनेस दुष्टहि ठरविलें नाहीं.

या ग्रंथास १९९१ सालीं इतिहासाचें पुलित्झर पारितोषिक मिळालें. १९९७ सालीं त्यावर चित्रपट निघाला. विद्वत्ता उथळ केल्यावांचून लोकांपर्यंत पोंचत नाहीं, असें म्हणणारांस याहून चांगलें उत्तर कोणतें?

मला मात्र हा ग्रंथ वाचतांना सुख झालें नाहीं. आमच्या आजीच्या वह्या होत्या. बाळंतकाढ्यांचीं मापें, कोणाकडे काय पाठविलें, कोणाचें काय आलें. घर बदलतांना त्या रद्दींत गेल्या. क्षुल्लक म्हणून त्या बाहेर काढणारा मीच होतों. आपल्या माळ्यावर अशी एखादी वही अजून असेल, तर ती टाकण्यापूर्वीं एकदां वाचावी, एवढीच विनंति.