सरसकट चराईबंदी कशासाठी?



भोर-वेल्ह्यातील माळांवर संपूर्ण चराईबंदी केली तरच पक्षी वाचतील, हे गेल्या अंकातील पत्रलेखकांचे म्हणणे अर्धेच पटते. गुरे बारमाही एकाच जागी राहिली की माळ उघडाबोडका होतो, हे खरे. पण टिटवी अंडी घालते ती उघड्या, खडे पसरलेल्या जमिनीवर आणि लाव्याला लपायला लागतात गवताचे ठोंब. एकाच माळावर दोन्ही हवे असेल, तर ते काम गुरांइतके स्वस्तात कोण करणार? भरतपूरच्या पक्षी अभयारण्यात १९८२ मध्ये गुरा-म्हशींना बंदी झाली. पुढे गवत माजून पाणथळ जागा भरू लागल्या, आणि बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या अभ्यासातूनच बंदीचे तोटे समोर आले. आपल्याकडे न चरलेले वाळके गवत फाल्गुन-चैत्रात वणव्याच्या तोंडी जाते.

विणीच्या काळात काही पट्टे बंद ठेवावेत, बाकीचे पाळीपाळीने खुले करावेत. कोणता पट्टा कधी, हे धनगरवाड्यांवर जाऊन विचारावे. माळावर ग्लिरिसिडिया लावण्याची पत्रातली सूचना मात्र साफ नामंजूर. झाडी दाटली की चंडोल तिथून उठलाच.

— एक वाचक, भोर