'स्मृती' ऐकताना महाड विसरू नका

प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणजे खात्यापित्या घरच्या गोऱ्या पोरांची कारागिरी, असा माझा ग्रह होता. तरी एका मित्राच्या आग्रहाखातर 'येस' या ब्रिटिश बँडचा १९७३ चा 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स' ऐकला. दोन तबकड्या, चार बाजू, प्रत्येक बाजूवर सुमारे २० मिनिटांचे एकच गाणे. ही चारची मांडणी आली कुठून? परमहंस योगानंदांच्या आत्मचरित्रातल्या एका तळटीपेत गायक जॉन अँडरसनला शास्त्रांचे चार प्रकार सापडले: श्रुती, स्मृती, पुराणे, तंत्र.

वादन कसदार आहे, हे मान्यच. स्टीव्ह हाऊची गिटार ऐकत राहावी अशी. पण अँडरसनला ज्यात अध्यात्म दिसले, त्याच स्मृतींनी आपल्या पूर्वजांना शिक्षण, संपत्ती आणि माणूसपण नाकारले. म्हणून २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचे दहन झाले. अँडरसनच्या मनात द्वेष नव्हता. त्या तळटीपेत जात नव्हती, एवढेच. जात गाळून धर्म परदेशी पाठवणे हा जुनाच उद्योग आहे.

मग ऐकायचेच नाही का? जरूर ऐका. पिंक फ्लॉइडचा 'ॲनिमल्स' (१९७७) ऐका. त्यात भांडवली समाजाची कुत्रे, डुकरे आणि मेंढ्या अशी चिरफाड आहे. पण ती विलायतेची. आपली श्रेणीबद्ध विषमता आपल्यालाच गावी लागेल.

परंपरेने आले म्हणून स्वीकारू नका, असे बुद्धाने कालामांना सांगितले. संगीतालाही तोच नियम लावा. कान उघडे ठेवा, चिकित्सा सोडू नका.

जय भीम!